मेलेल्या रायटरमधला जिवंत लेझर

माळ्यावर पडलेल्या जुन्या डीव्हीडी रायटरमध्ये लेझर डायोड बहुतेक वेळा धडधाकट असतो. तो न जाळता बाहेर काढणं हे पक्कड-स्क्रूड्रायव्हरचं कमी आणि सवयींचं काम जास्त आहे. गंमत म्हणजे, ज्या सवयी डायोड वाचवतात, त्याच सवयी डोळेही वाचवतात.

घरातला जुना डेस्कटॉप दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे गेला नसेल, तर तो अजून माळ्यावर किंवा पलंगाखाली धूळ खात पडलेला असणार. त्याच्या पुढच्या बाजूला एक ट्रे असतो. बटण दाबलं की 'घर्रर्र' करत बाहेर यायचा तोच. नव्या लॅपटॉपना तो नसतो, त्यामुळे 'जरा एक डीव्हीडी मारून दे ना' हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावरून कधीच हद्दपार झालंय. सिनेमे पेन ड्राइव्हवर गेले, मग मोबाइलवर गेले आणि डीव्हीडी रायटर थेट भंगारात गेला.

पण फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांसाठी हा चपटा पत्र्याचा डबा म्हणजे खजिना आहे. त्यात दोन-तीन मोटर, उत्तम प्रतीचे चुंबक, छोट्या भिंगांचा संच, प्रकाश दुभागणारा काचेचा ठोकळा, प्रकाश मोजणारे सेन्सर आणि या सगळ्यांच्या मध्यभागी एक लेझर डायोड असतो. ड्राइव्ह बंद पडतो तो बहुधा ट्रेचा पट्टा सैल झाल्यामुळे, मोटर थकल्यामुळे किंवा भिंगावर धूळ बसल्यामुळे. लेझर बिचारा शाबूत असतो. तो मरतो तो नंतर, आपण त्याला 'वाचवायला' जातो तेव्हा.

डब्यात नक्की आहे काय?

डिस्कवरची माहिती वाचायची तर प्रकाशाचा ठिपका अतिशय बारीक हवा. ठिपका किती बारीक होणार हे प्रकाशाच्या तरंगलांबीवरही ठरतं. म्हणून १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर वापरला गेला, नंतरच्या डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा. सीडीवरच्या दोन शेजारच्या ट्रॅकमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असतं, तर डीव्हीडीवर फक्त ०.७४. दिसायला दोन्ही चकत्या सारख्याच, पण डीव्हीडीवर सिनेमा मावतो आणि सीडीवर गाणी, त्याचं मोठं कारण हे.

डीव्हीडी रायटर सीडीही वाचतो, त्यामुळे त्यात दोन लेझर असतात. एक ६५० नॅनोमीटरचा लाल आणि दुसरा ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड. काही ड्राइव्हमध्ये ते दोन वेगळ्या डब्यांत असतात, काहींमध्ये एकाच डबीत शेजारी-शेजारी. ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढे सगळी सावधगिरी त्यावरच उभी आहे. लाल लेझर दिसतो. इन्फ्रारेड जवळजवळ दिसतच नाही. 'काही लागलंच नाही वाटतं' म्हणून वाकून बघणाऱ्याच्या डोळ्यात तो थेट जाऊ शकतो.

ज्या धातूच्या डबीत लेझर असतो तिचा व्यास साधारण ५.६ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असतो. मागे तीन पाय, पुढे काचेची इवलीशी खिडकी. खरा लेझर म्हणजे आतला अर्धवाहकाचा तुकडा, रव्याच्या दाण्याएवढा. त्याची दोन टोकं आरशासारखी गुळगुळीत असतात आणि प्रकाश त्या दोन टोकांमध्ये ये-जा करत वाढत जातो. डायोडचा जीव या टोकांमध्येच असतो.

कुठला ड्राइव्ह उचलायचा?

पहिली नजर लेबलवर टाका. 'डीव्हीडी-रॉम' लिहिलं असेल तर तो फक्त वाचणारा ड्राइव्ह, त्यातला लाल लेझर काही मिलिवॅटचा. 'डीव्हीडी-आरडब्ल्यू' किंवा 'डीव्हीडी रायटर' आणि शेजारी '१६एक्स', '२२एक्स' असं काही लिहिलं असेल तर तो लिहिणारा. डिस्कवर खुणा उमटवायला उष्णता लागते, म्हणून त्यातला लाल लेझर शंभर-दोनशे मिलिवॅटपर्यंत जाऊ शकतो. नुसताच सीडीचा ड्राइव्ह असेल तर आत फक्त अदृश्य इन्फ्रारेड लेझर मिळेल. नवख्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये.

लेबलवर 'क्लास १ लेझर प्रॉडक्ट' असंही छापलेलं असतं. क्लास १ म्हणजे सुरक्षित, मग भीती कसली, असं वाटणं साहजिक आहे. पण तो शिक्का बंद डब्यासाठी असतो. पत्रा उघडला की तो शिक्का गैरलागू. ५ ते ५०० मिलिवॅटचा उघडा लेझर 'क्लास ३बी'मध्ये मोडतो, म्हणजे थेट झोत डोळ्यात गेला तर इजा करणारा.

ड्राइव्ह मिळवणं मुंबईत अवघड नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचे जुने मशीन लिलावात निघायच्या आधी लॅब असिस्टंट सरांना गाठा. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानांत मागच्या खोलीत असे ड्राइव्ह पडलेले असतात. 'काका, बंद पडलेला रायटर आहे का, प्रोजेक्टला हवाय' एवढं म्हटलं तरी पुरतं. साकीनाका-कुर्ल्याच्या बाजूला भंगाराचा धंदा मोठा आहे. आणि ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड तर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची पंढरीच. एक ड्राइव्ह आणू नका, तीन आणा. पहिला फक्त खोलून बघायला, हात बसवायला.

सुरुवातीला डेस्कटॉपचा जाडा ड्राइव्हच घ्या. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हमधले भाग इतके नाजूक आणि दाटीवाटीनं बसवलेले असतात की तिथे शिकणं म्हणजे पहिल्याच दिवशी विरार फास्टमध्ये चढण्यासारखं आहे.

आधी डोळे, मग बाकी सगळं

आपल्याकडे लेझर म्हणजे डीजे आणि मिरवणूक असं समीकरण झालंय. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला मिरवणुकीतल्या लेझरमुळे इजा झाल्याच्या बातम्या आल्या. पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी गणेशोत्सवाच्या काळात अशा झोतांवर बंदी घातली. ही मुलं कुठलाही प्रयोग करत नव्हती. नाचत होती.

लेझर इतका घातक का? खोलीतला ९ वॅटचा एलईडी बल्ब बघून डोळा जात नाही आणि वॅटच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या लेझरनं जातो, हे ऐकायला विचित्र वाटतं. बल्बचा प्रकाश सगळीकडे पसरतो, डोळ्यात त्याचा कणभर अंश येतो. लेझरचा झोत मात्र सगळाच्या सगळा बाहुलीतून आत शिरू शकतो. वर आपल्या डोळ्याचं भिंग त्याला पडद्यावर एका बिंदूत गोळा करतं. पडद्याचा तो भाग भाजला तर तो पुन्हा उगवत नाही. आणि तिथे दुखत नाही, त्यामुळे नेमकं काय झालं हे लगेच कळतही नाही.

तीव्र प्रकाश दिसला की आपण पाव सेकंदात पापणी मिटतो. ५ मिलिवॅटपर्यंतच्या पॉइंटरच्या बाबतीत ही पापणी काही प्रमाणात तरी मदत करते. दोनशे मिलिवॅटपुढे ती उशिरा पोचते. इन्फ्रारेडपुढे तर ती मिटतच नाही, कारण डोळ्याला काही दिसलेलंच नसतं.

म्हणून तीन नियम. पहिला, गॉगल लेझरचाच हवा. त्यावर तरंगलांबीचा पट्टा आणि 'ओडी' हा आकडा छापलेला असतो. ६५० नॅनोमीटरला ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग प्रकाश आत येतो. पट्ट्यात ६५० आणि ७८० दोन्ही आहेत का, हे वाचून घ्या. उन्हाचा काळा गॉगल चालत नाही. उलट त्याच्यामागे बाहुली मोठी होते आणि धोका वाढतो. दुसरा, घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. चकचकीत धातूवरून परतणारा झोत कुठे जाईल सांगता येत नाही. तिसरा आणि सगळ्यात सोपा नियम म्हणजे बुटांचा रिकामा खोका. आतून काळा कागद चिकटवा, डायोड आत ठेवा, समोर खडबडीत पांढरा कागद लावा, वरच्या छोट्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा कागदावरच्या ठिपक्याकडे रोखा आणि झाकण बंद करा. ठिपका तुम्ही मोबाइलच्या स्क्रीनवर बघायचा. कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेडही दिसतो, तो फिकट जांभळा उमटतो. कॅमेराही थेट झोतासमोर धरायचा नाही, त्याचा सेन्सर जळतो.

हे सगळं घरी एकट्यानं करू नका. कॉलेजची लॅब आणि सोबत सर किंवा मॅडम असतील तेव्हाच करा.

डायोड मरतो कसा?

लेझर डायोडचे तीन शत्रू आहेत आणि तिन्ही न दिसणारे.

पहिला, स्टॅटिक. प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की कधीतरी झटका बसतो. तो जाणवतो तेव्हा आपल्या अंगावर साधारण तीन हजार व्होल्ट असतात. डायोड मरायला त्यापेक्षा खूपच कमी पुरतात, म्हणजे आपल्याला काही जाणवायच्या आतच तो गेलेला असतो. 'मुंबईच्या दमट हवेत कसला स्टॅटिक?' हा प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. पावसाळ्यात धोका खरंच कमी असतो. पण जानेवारीत, एसी लॅबमध्ये, सिंथेटिक जॅकेट घालून बसलात की मुंबई विसरा.

दुसरा, जास्तीचा करंट. साध्या एलईडीला थोडा जास्त करंट गेला तर तो तापतो, कुरकुरतो, चालवून घेतो. लेझर डायोड चालवून घेत नाही. करंट वाढला की प्रकाश वाढतो, आणि प्रकाश एका मर्यादेपलीकडे गेला की त्या आरशासारख्या टोकांना तोच जाळून टाकतो. याला सेकंदाचा अब्जावा भागही पुरू शकतो. इथे फ्यूज उपयोगाचा नाही. फ्यूज वितळायच्या कितीतरी आधी डायोड गेलेला असतो.

तिसरा शत्रू उष्णता. सोल्डरिंग आयर्न पायाला दहा सेकंद टेकवून ठेवलं, किंवा डबीला धातूचा आधार न देता डायोड चालवला, तर तो आतून शिजतो.

यातली फसवी गोष्ट अशी की मेलेला लेझर बहुतेक वेळा विझत नाही. तो साधा लाल एलईडी होतो. मंद उजेड येतो, आपल्याला वाटतं वाचला. पण करंट कितीही वाढवला तरी तो उजेड झोतात बदलत नाही. म्हणजे 'पेटतोय' आणि 'जिवंत आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातला फरक मोजूनच कळतो.

खोलताना

ड्राइव्ह पॉवर सप्लायपासून सुटा हवा. कुठलीही वायर जोडलेली नको. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा. त्याच्या वायरमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो काढून टाकायचा नाही, तो तुमच्यासाठी आहे. पट्ट्याचं दुसरं टोक अर्थिंगला जोडा.

पुढच्या बाजूला टाचणीएवढं भोक दिसेल. त्यात सरळ केलेली पेपर क्लिप घातली की ट्रे बाहेर सरकतो. पुढची पट्टी काढा, खालचे चार स्क्रू काढा, पत्रा उचला. आत दोन चकचकीत दांड्यांवर सरकणारी एक गाडी दिसेल. तिच्यावर इवलंसं भिंग असतं. ते बारीक तारांवर तरंगतं. चुंबक आणि गुंडाळ्या त्याला सतत वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून डिस्कवर फोकस धरून ठेवतात. याच गाडीत लेझर असतो आणि गाडीपासून सर्किट बोर्डपर्यंत एक चपटी रिबन गेलेली असते.

सगळ्यात मोठी चूक याच ठिकाणी होते. हाताला रिबन लागली की ओढून काढायचा मोह होतो. थांबा. रिबन जोडलेली आहे तोवर लेझरच्या पायांना बोर्डाचा आसरा आहे. ती सुटली की ते पाय उघडे पडतात आणि स्टॅटिकला मोकळं रान मिळतं. म्हणून रिबन काढायच्या आधी डायोडचे तिन्ही पाय एकमेकांना जोडून टाका. तांब्याच्या वायरमधली केसासारखी एक तार घ्या आणि तिन्ही पायांभोवती दोन-तीन वेढे द्या. तिन्ही पाय एकाच व्होल्टेजला आले की त्यांच्यात झटका बसायला जागाच उरत नाही. सीडी प्लेअरचा नवा पिकअप सुट्या भागात मिळायचा तेव्हा कंपनीच त्यावर सोल्डरचा असा एक थेंब टाकून पाठवायची आणि मेकॅनिक तो बसवल्यावर काढायचा. आपण तेच उलट्या क्रमानं करतोय.

आता रिबन सोडवा, दांड्या सरकवा, गाडी बाहेर काढा. मागच्या किंवा बाजूच्या कडेला तीन पायांची गोल डबी दिसेल.

इथून पुढे कमीत कमी काढा. डबी धातूच्या एका छोट्या चौकटीत बसवलेली असते आणि ती चौकट गाडीला चिकटवलेली असते. बरेच जण डबी चौकटीतून उकरून काढतात आणि त्या झटापटीत पाय वाकतात, काच तडकते. ती चौकट म्हणजे तुमचा फुकटातला हीटसिंक आहे. तिला तशीच राहू द्या. गोंद कटरनं हळूहळू कापा, चौकट अख्खी वेगळी करा. पायांवर जोर नको, काचेला बोट नको. गाडीच्या अंगात कुठे बारीक स्क्रूसारखा प्रीसेट दिसला तर तो फिरवायचा नाही.

लेझरच्या पायांना लागलेली रिबन पायांजवळच कापा. वायर जोडायच्या असतील तर आयर्न तापवा, प्लग काढा आणि मगच टोक पायाला लावा. एका पायाला दोन-तीन सेकंद, मग फुंकर, मग पुढचा पाय. तांब्याची तार अजून गुंडाळलेलीच आहे ना, हे एकदा बघा.

पहिला उजेड

आता प्रत्येकाला घाई होते आणि दोन पेन्सिल सेल थेट लावून बघायचा मोह होतो. तो टाळा. लाल लेझरवर दोन-सव्वादोन व्होल्ट पडतात, पण त्याला व्होल्टेज मोजून द्यायचं नसतं, करंट मोजून द्यायचा असतो. व्होल्टेज किंचित वाढलं तरी करंट उडी मारतो. उलटं व्होल्टेजही त्याला फारसं सोसत नाही. अनेक डायोड दोन व्होल्टच्या वर उलटे लावले की संपतात.

म्हणून पाय ओळखायला साडेचार व्होल्ट, मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर आणि डायोडच्या दोन टोकांवर उलट्या दिशेनं एक साधा १एन४१४८. आपण चुकून उलटं जोडलं तरी हा साधा डायोड सगळा करंट स्वतःवर घेतो आणि लेझरवर पाऊण व्होल्टच्या वर काही येत नाही. सरळ जोडलं तर लेझरमधून दोन-अडीच मिलिअँपिअर जातात. एवढ्यात लेझर 'लेझर' होत नाही, फक्त लाल मिणमिणतो. आपल्याला तेवढंच हवं असतं. हे सगळंही खोक्यातच आणि कॅमेऱ्यातूनच बघायचं. कुठल्या पायांवर लाल मिणमिणतो आणि कुठल्यांवर कॅमेऱ्यात फिकट जांभळा दिसतो, हे वहीत काढून ठेवा.

खरा ड्रायव्हर बनवायला एलएम३१७ ही आयसी पुरते. लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळते. ती करंटच्या जोडणीत लावली की हिशेब सोपा, १.२५ भागिले रेझिस्टर. ४७ ओहमला २७ मिलिअँपिअर, ३३ ला ३८, २७ ला ४६, २२ ला ५७. सप्लाय साडेसात-नऊ व्होल्टचा ठेवा. सुरुवात नेहमी ४७ ओहमनं करा. रायटरचा लाल लेझर साधारण ४० ते ६० मिलिअँपिअरच्या आसपास कुठेतरी 'जागा' होतो. फक्त वाचणाऱ्या ड्राइव्हचा डायोड बराच आधी जागा होतो आणि बराच आधी जळतोही, त्यामुळे कुठल्या ड्राइव्हमधला डायोड आहे हे डबीवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा.

लेझर लावायच्या आधी ड्रायव्हरला खोटा लेझर जोडा. तीन साधे १एन४००७ एकामागे एक, त्यांच्यासोबत १ ओहमचा रेझिस्टर. त्या रेझिस्टरवर मल्टिमीटर जितके मिलिव्होल्ट दाखवेल तितके मिलिअँपिअर वाहतायत. आकडा बरोबर आला तरच पुढे.

जोडायचा क्रमही महत्त्वाचा. ड्रायव्हर चालू ठेवून लेझर कधीच जोडायचा नाही. रिकाम्या ड्रायव्हरच्या टोकांवर सप्लायचं जवळजवळ सगळं व्होल्टेज येऊन बसलेलं असतं. तिथे कपॅसिटर असेल तर तो भरलेला असतो. लेझर टेकला की ते सगळं एका क्षणात त्याच्यात ओतलं जातं. म्हणून आधी सप्लाय बंद, कपॅसिटरची दोन टोकं रेझिस्टरनं जोडून रिकामी, मग लेझर जोडा, मग तांब्याची तार सोडवा, खोका बंद करा, गॉगल लावा आणि शेवटी सप्लाय चालू करा. काढताना बरोबर उलटं करायचं, सप्लाय बंद करून आधी पायांना तार गुंडाळायची.

हा क्रम नीट बघितलात तर एक गोष्ट लक्षात येईल. करंट कमीत कमी, झोत बंद खोक्यात, चालू करायचं ते सगळ्यात शेवटी. यातली प्रत्येक गोष्ट डायोड जळू नये म्हणून सांगितली तरी चालेल आणि डोळा भाजू नये म्हणून सांगितली तरी चालेल.

मग त्याचं करायचं काय?

लाल लेझरचं तयार मॉड्यूल दुकानात स्वस्तात मिळतं, मग हा उपद्व्याप कशाला, असं कुणीतरी विचारणारच. मॉड्यूलमध्ये ड्रायव्हर आधीच बसवलेला असतो आणि तो करंट बदलू देत नाही. आपल्या डायोडला मात्र आपण प्रश्न विचारू शकतो.

सगळ्यात सुंदर प्रश्न म्हणजे तो 'जागा' नेमका कधी होतो. खोक्यात कागदाऐवजी एक छोटा सोलर सेल ठेवा आणि त्याचा करंट मोजा. दरवेळी सप्लाय बंद करून रेझिस्टर बदला आणि आलेखावर आडवा डायोडचा करंट, उभा प्रकाश असे ठिपके काढा. सुरुवातीला रेघ जमिनीला चिकटून सरकते. मग एका ठिकाणी तिला गुडघ्यासारखी वळण येते आणि ती एकदम वर चढते. त्या वळणाच्या आधी तो एलईडी असतो, नंतर लेझर. डायोड वाचलाय की नाही याचा खरा पुरावा हाच. जळालेल्या डायोडच्या आलेखात गुडघा येत नाही, रेघ आडवीच राहते. तोच आलेख मे महिन्यात आणि एसी लॅबमध्ये असा दोनदा काढा. उकाड्यात गुडघा उजवीकडे सरकलेला दिसेल, म्हणजे तापलेल्या डायोडला जागं व्हायला जास्त करंट लागतो.

दुसरा प्रयोग तरंगलांबीचा. यासाठी मात्र दुकानातलं कमी पॉवरचं मॉड्यूलच वापरा, कारण झोत खोक्याबाहेर येतो. सीडीवर तो सरळ पाडला तर बाजूला आणखी ठिपके पडतात. ट्रॅकमधलं १.६ मायक्रोमीटर अंतर माहीत आहे, त्यामुळे पहिला ठिपका किती अंशांवर आला ते मोजलं की तरंगलांबी निघते. ६५० नॅनोमीटरला तो सीडीवर साधारण २४ अंशांवर आणि डीव्हीडीवर ६१ अंशांवर यायला हवा. ज्या चकत्यांनी हा लेझर जन्माला घातला, त्याच चकत्या त्याची मोजपट्टी होतात.

आणि हे सगळं मुंबईत करण्यात एक वेगळी मजा आहे. अर्धवाहकाचा पहिला लेझर १९६२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांच्या गटानं चालवला, तोही द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत आणि फक्त स्पंदांच्या रूपात. त्यानंतर दोनच वर्षांत, १९६४ मध्ये, आपल्या ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रात, म्हणजे आजच्या बीएआरसीत, लेझरचं काम अर्धवाहकाच्याच लेझरनं सुरू झालं. पुढे त्याच लेझरच्या आधारानं ट्रॉम्बे आणि कुलाब्याची टीआयएफआर यांच्यात, सुमारे २० किलोमीटर अंतरावरून, प्रकाशाचा संदेश-दुवा उभा राहिला. खोलीच्या तापमानात सतत चालणारे असे लेझर जमायला १९७० उजाडलं. त्यामागच्या रचनेसाठी झोरेस अल्फेरोव्ह आणि हर्बर्ट क्रोमर यांना २००० सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांना जो लेझर स्वतः घडवावा लागला, त्याचाच नातू आज साकीनाक्याच्या भंगारात किलोवर विकला जातो.

ही कहाणी ऐकून गच्चीवरून समोरच्या बिल्डिंगला सिग्नल द्यायची हुक्की येईल. ती आवरा. घाटकोपर-अंधेरीच्या डोक्यावरून विमानं किती खाली येतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यावर पडलेला लेझर ही गंमत नाही. मुंबई पोलिसांनी विमानतळाच्या परिसरात लेझर झोतांवर बंदीचे आदेश काढलेले आहेत. प्रकाशातून संदेश पाठवायचाच असेल तर लॅबच्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलापर्यंत, कमी पॉवरच्या मॉड्यूलनं, झोत डोळ्यांच्या उंचीच्या बराच खाली ठेवून पाठवा.

उरलेल्या भंगाराचं

डायोड काढला की उरलेला ड्राइव्ह ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. सुक्यातही नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. कॉलेजमध्ये ई-कचऱ्याची पेटी असेल तर त्यात टाका, नसेल तर एनएसएसच्या मॅडमना सांगून ठेवून घ्या. जळालेला डायोडही त्यातच टाकायचा. कुतूहलापोटी त्याची डबी फोडायची किंवा जाळायची नाही, कारण आतल्या अर्धवाहकात आर्सेनिकची संयुगं असतात.

चुंबक, मोटर, भिंगं मात्र ठेवून द्या. दांड्यांवर सरकणारी ती गाडी आणि तिची स्टेपर मोटर अशा दोन जोड्या जमल्या की छोटा प्लॉटर बनतो. पण तो पुढच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट.

बॅगेत काय हवं?

* डेस्कटॉपचे तीन जुने डीव्हीडी रायटर
* बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, चिमटा, कटर, पेपर क्लिप
* १ मेगाओहमचा रेझिस्टर असलेला अँटिस्टॅटिक पट्टा
* केसासारखी तांब्याची तार
* एलएम३१७, ४७ ते २२ ओहमचे रेझिस्टर, १ ओहम, १ किलोओहम, १एन४१४८, १एन४००७
* मल्टिमीटर आणि बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न
* ६५० आणि ७८० नॅनोमीटर दोन्हींचा पट्टा छापलेला लेझर गॉगल, प्रत्येकाला एक
* बुटांचा खोका, काळा कागद, छोटा सोलर सेल
* वही. प्रत्येक डायोडचा करंट, तारीख आणि तो मेला असेल तर कशानं मेला, हे लिहायला